इंदूअक्कांनी मागितलेला दाखला

इंदूअक्का पहिल्या दिवशी आमच्या घरी आल्या तेव्हा त्यांनी चहा नको म्हटलं, पाणी नको म्हटलं, आणि दारातच उभ्या राहून हातातल्या हिरव्या काचेच्या बांगड्या एकेक करून उतरवल्या. त्या रुमालात बांधल्या, रुमाल कमरेला खोचला आणि माझ्या बायकोला म्हणाल्या, "हं. चार्ज द्या."

नलिनीचं लक्ष त्यांच्या उघड्या मनगटांवर खिळलेलं. "अहो, सवाष्ण ना तुम्ही? असे ओकेबोके हात..."

"बांगडी पोरीला टोचती," अक्का म्हणाल्या. "आमच्या मालकांचं आयुष्य माज्या बांगडीवर हाय का तेंच्या क्रेनच्या दोरावर, ते देव बघंल. तुमी चार्ज द्या. रात्री झोपली किती? झटके किती आले? पोटात काय गेलं?"

तीन प्रश्न. पुढची आठ वर्षं मी हे तीन प्रश्न ऐकले, आणि आज साठी उलटल्यावरही सकाळी जाग आली की मला पहिल्यांदा तेच ऐकू येतात. त्या दिवशी नलिनीला एकाचंही उत्तर देता आलं नाही. मी तर बोलूनचालून पाहुणा. मी रुवैसच्या रिफायनरीत मेंटेनन्सला होतो. बुधवारी संध्याकाळी कंपनीच्या बसने निघायचं, चार तासांनी दुबईत करामाला घरी पोचायचं आणि शुक्रवारी परत. आठवड्यातून दीड दिवसाचा बाप.

आमची मनू तेव्हा तीन वर्षांची होती. सातव्या महिन्यात जन्मली आणि जन्मताच तिचा श्वास अडकला. मान धरत नव्हती, बोलत नव्हती, दिसत किती होतं ते तिलाच ठाऊक. झटके रोजचे. पण सगळ्यात मोठं संकट गिळण्याचं. पातळ काही पाजलं की ते पोटाऐवजी छातीत उतरायचं. दोन न्यूमोनिया होऊन गेले होते. नलिनी दुबईतच, देरा भागात, एका शिपिंगच्या ऑफिसात होती, सकाळी आठला बाहेर पडायची. वर्षभरात पाच आया आल्या आणि गेल्या. पाचवी तर मनूला झटका आलेला पाहून पाळण्यापाशी पदर पसरून देवाचं नाव घेत बसली होती. सहाव्या इंदूअक्का.

त्या आमच्याच बिल्डिंगमध्ये दोन मजले खाली राहायच्या. शेअरिंगचा फ्लॅट होता, त्यातली एक खोली त्यांची आणि त्यांच्या नवऱ्याची. नवरा दत्तोबा क्रेन चालवायचा. अक्का मूळच्या मिरजेच्या; मुलगी लग्न होऊन तिकडेच राहिलेली. लग्नाआधी आणि नंतरही मिळून अकरा वर्षं त्यांनी तिथल्या एका दवाखान्यात लहान मुलांच्या वॉर्डात काम केलेलं. आया म्हणून लागल्या, पण तिथल्या एका म्हाताऱ्या सिस्टरने त्यांना अशी मुलं सांभाळायची विद्या शिकवली आणि शेवटी त्याचं रीतसर सर्टिफिकेटही दिलं. 'चार्ज' हा शब्दही तिथलाच: पाळी बदलताना पेशंटचं सगळं पुढच्याला सांगून त्याच्या हवाली करायचं. ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यांनी ट्रंकेच्या तळाशी ठेवलेलं होतं. आम्हाला ते दाखवल्याशिवाय त्यांनी पगाराची गोष्ट काढली नाही.

पगार मात्र ठणकावून सांगितला. मी आपला भारतीय मध्यमवर्गीय. दिरहॅमचे मनातल्या मनात रुपये केले आणि दचकलो. "अक्का, घरच्यासारखं समजा," असं काहीतरी बोललो. बाई हसल्या. "साहेब, माया फुकट हाय. ती मी जिन्यातल्या मांजरालाबी देती. काम मात्र पगारी. फुकटचं काम आज करावं वाटतं, उद्या न्हाई वाटत. पोरीला उद्याबी खायला लागतंय." आणि शुक्रवारी दुपारी तीन ते सात सुट्टी. ती त्यांनी कधी सोडली नाही. एकदा आमच्याकडे पाहुणे होते म्हणून नलिनीने त्यांना थांबायची गळ घातली, तर म्हणाल्या, "दमलेल्या हातातनं पोर पडतं, बाई." आणि बांगड्या चढवून चालू लागल्या.

वर्षभराने नलिनीची पाठ धरली. मनू वाढत होती, तिला उचलणं हे एकटीचं काम राहिलं नव्हतं. रात्रीची जागरणं, दिवसाचं ऑफिस, आणि नवरा चार तासांच्या अंतरावर. एका गुरुवारी तिने मला शांतपणे सांगितलं की ती कधीतरी मनूला घेऊन गॅलरीतून खाली जाईल. मी घाबरून अक्कांकडे गेलो. त्यांनी रात्रभर विचार केला आणि सकाळी वर येऊन म्हणाल्या, "पोर माज्याकडं ठेवा. दिसरात. तुमी दोघं जमंल तवा येऊन बसा, पण तिचं सगळं माज्याकडं. अर्धं अर्धं केलं की पोर मधल्या मधी मरती."

असं आमचं मूल आमच्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्याच्या खोलीत राहायला गेलं. परदेशात ह्या प्रकाराला नाव आहे, त्याचं शिक्षण असतं, सरकार अशा घरांना मानधन देतं, हे मला फार नंतर कळलं. करामात आमच्या वेळी त्याला नाव नव्हतं. होती ती कुजबुज. गणपतीच्या आरतीला जमलेल्या बायका नलिनीला गोड आवाजात विचारायच्या, "काय म्हणते मनू? भेटतेस का गं मधून मधून?" आणि पाठीमागे म्हणायच्या की पोटची पोर भाड्याने ठेवली आहे. अक्कांनाही सोडलं नाही. पैसे घेऊन आईपण करतात म्हणे. अक्का म्हणायच्या, "मी आईपण करतच न्हाई. आई वर ऱ्हाती. मी डूटी करती."

ती ड्यूटी पाहण्यासारखी होती. मऊ भात आणि नाचणीची दाट लापशी. मनूला त्यांनी एका खुर्चीत बसवायचं ठरवलं होतं. ती खुर्ची दत्तोबांनी साइटवरच्या प्लायवूडची केलेली, दोन्ही बाजूंना स्पंज ठोकलेला. मान किंचित पुढे. चमचा खालच्या ओठाला दोनदा टेकवायचा आणि थांबायचं. डावा हात तिच्या गळ्यावर. बोटांखाली गळा हलला की म्हणायचं, "गिळलं." मग पुढचा चमचा. एक वाटी लापशीला पाऊण तास. त्यानंतर आणखी पाऊण तास बसवून ठेवायचं, आडवं करायचं नाही. एकदा मी घड्याळाकडे पाहिलं तर म्हणाल्या, "घाई असंल तर जावा साहेब. तिच्या गळ्याला घाई चालत न्हाई." त्यांच्याकडे असताना मनूला सात वर्षांत एकही न्यूमोनिया झाला नाही. हे वाक्य मी मुद्दाम इथे लिहून ठेवतो आहे.

बिल्डिंगमधली पोरं त्या खोलीच्या दाराशी यायची. तिथेच जन्मलेली, इंग्लिशमध्ये बोलणारी. त्यातली एक पोरगी विचारी, "आंटी, कॅन शी सी अस?" अक्कांना तेवढं समजायचं. "दिसू दे नायतर न दिसू दे," त्या मराठीत म्हणायच्या, "तू बोल. ती ऐकती." मग ती पोरगी तिथेच बसून मनूला शाळेतल्या गोष्टी सांगायची आणि मनूच्या तोंडून एक बारीक, लांबलचक आवाज निघायचा. त्या आवाजाचे अक्कांनी सहा प्रकार लावलेले होते. भूक, कुशी बदला, झटका येतोय, माणूस हवंय, माणूस नकोय, आणि सहावा नुसता मजेचा. मी बाप. मला त्यातले दोन ओळखता यायचे.

संध्याकाळी चार ते सहा दत्तोबांची पाळी असे. पहाटेच्या शिफ्टवरून आलेले दत्तोबा अंघोळ करून मनूची खुर्ची खिडकीशी ओढायचे आणि तिला खालच्या रस्त्यावरच्या गाड्यांचं धावतं वर्णन ऐकवायचे. तेवढ्यात अक्का पाठ टेकायच्या. "बदली आली," म्हणायच्या. दत्तोबांनाही त्या चार्ज दिल्याशिवाय झोपत नसत.

मनू नऊ वर्षांची असताना दत्तोबा साइटवर छातीत कळ येऊन गेले. खोलीत बायका जमल्या. कुणीतरी म्हणालं, बांगड्या. अक्कांच्या हातात बांगड्याच नव्हत्या. दुपारचे बारा वाजलेले, त्या ड्यूटीवर होत्या, बांगड्या कमरेच्या रुमालात. फोडायचं काय, म्हणून बायका गोंधळल्या. अक्कांनी रुमाल सोडून पुढे केला आणि म्हणाल्या, "ह्या घ्या. पर हितं फोडू नका. काचा पोरीच्या जाग्यावर पडत्याल." आणि मनूची लापशी थांबली होती ती पुन्हा सुरू केली. त्या दिवशी ती बाई रडली ती मनूला पाऊण तास बसवून झाल्यावर.

आता इथून पुढे माझी गोष्ट आहे, आणि ती सांगायला मला जड जातं.

नवऱ्याच्या व्हिसावर राहणाऱ्या बाईला नवरा गेला की तीस दिवसांत देश सोडावा लागायचा. अक्का गेल्या तर मनूचं काय, ह्या विचाराने आमची पाचावर धारण बसली. त्याच सुमारास एक दार उघडलं होतं. काही पालकांनी मिळून खास मुलांसाठी एक लहानसं केंद्र सुरू केलं होतं. तिथल्या बाईंनी अक्कांचं काम पाहिलं होतं. त्या म्हणाल्या, आम्ही ह्यांना आमच्या व्हिसावर घेतो, मुलांच्या सहायक म्हणून, रीतसर. सर्टिफिकेटवर मुंबईहून शिक्के आणा, आम्ही मुदत वाढवून घेऊ. सकाळी चार तास त्या केंद्रात येतील, मनूलाही आणतील, बाकी वेळ तुमच्याकडेच.

ह्यात नकार देण्यासारखं काय होतं? काहीच नव्हतं. पण मला अक्का वाटून घ्यायच्या नव्हत्या. केंद्रात वीस मुलं. आज चार तास, उद्या आठ तास. आमची मनू एकविसातली एक झाली असती. शिवाय शिक्क्यांची कटकट. त्यापेक्षा सरळ उपाय होता: मीच त्यांचा प्रायोजक व्हायचं आणि त्यांना घरकामाच्या व्हिसावर ठेवून घ्यायचं. माझ्या पगारात ते बसत होतं. मी आमच्या ऑफिसातल्या कारकुनाकडून कागद टाइप करून घेतले आणि मगच अक्कांना सांगितलं.

अक्कांनी कागद उलटून पालटून पाहिला. "म्हंजे खद्दामा?" घरातल्या मोलकरणीला तिथे हाच अरबी शब्द वापरायचे.

"कागदावर फक्त," मी म्हणालो. "आपल्यात काय फरक पडणार आहे?"

"साहेब, मी वॉर्डातली बाई हाय. दवाखान्यात केसपेपरवर लिहिलेलंच खरं असतंय. पेशंट ओरडून मेला तरी केसपेपर बदलत न्हाई."

"अहो, कागदच तो."

त्यांनी मनूकडे पाहिलं. तीस दिवसांतले अठरा संपले होते. "ठेवा," म्हणाल्या.

नव्या व्हिसासाठी देशाबाहेर जाऊन परत यावं लागे. जवळच किश नावाचं इराणचं बेट आहे, लोक तिथे चार दिवस पत्र्याच्या हॉटेलात काढून परतायचे. अक्का गेल्या आणि ते चार दिवस आम्ही नवरा-बायकोने आमची मुलगी सांभाळली. दुसऱ्या दिवशी नलिनीचा चमचा गळा हलायच्या आत पडला. मनू निळी पडली. मी तिला उलटं धरून पाठीवर थापट्या मारत होतो आणि नलिनी भिंतीला डोकं आपटत होती. मनू वाचली. अक्का परत आल्या, दारात उभ्या राहिल्या. उतरवायला आता बांगड्या नव्हत्या, तरी सवयीने मनगटावरून हात फिरवला. "चार्ज द्या. झोपली किती? झटके किती आले? पोटात काय गेलं?"

नलिनी रडायला लागली. "आई म्हणवून घ्यायला लाज वाटते मला."

"लाज कशापायी?" अक्का म्हणाल्या. "डूटीवाल्याला पाळी संपली की बदली मिळती. आईला मिळत न्हाई. म्हणून आईला घाई हुती. मला न्हाई हुत. मी काय तुमच्यापेक्षा चांगली न्हाई, बाई. मला माझी झोप मिळती, एवढंच." आठ वर्षांत आमच्याशी इतकं खरं आणि इतकं दयेने कुणी बोललं नाही.

अक्कांच्या नव्या व्हिसावर इंग्लिशमध्ये आणि अरबीत ठळक लिहून आलं: हाउसमेड. पासपोर्ट तिथल्या रिवाजाप्रमाणे मी माझ्याकडे ठेवला, रुवैसच्या ऑफिसातल्या खणात. त्यांना दिली एक झेरॉक्स.

पुढच्या दीड वर्षात त्या झेरॉक्सची कुणाला आठवण झाली नाही. मग नलिनी तिच्या आईच्या ऑपरेशनसाठी पुण्याला गेली, आणि त्याच आठवड्यात आमच्या प्लँटचा वार्षिक शटडाउन सुरू झाला. शटडाउन म्हणजे बारा बारा तास प्लँटच्या आत, फोन बाहेर ठेवून. एका सकाळी मनूला ताप चढला. अक्कांनी औषधं दिली, पट्ट्या ठेवल्या. पण अकराच्या सुमाराला त्यांना छातीचा आवाज आवडला नाही. त्यांनी मनूला मांडीवर उभी धरून टॅक्सी केली आणि एका हॉस्पिटलात नेली. तिथून माझ्या ऑफिसला फोन केला.

फोन कारकुनाने घेतला. तोच, ज्याने व्हिसाचे कागद टाइप केले होते. त्याने चिठ्ठी लिहिली आणि माझ्या ट्रेमध्ये ठेवली. मला ती चार वाजता मिळाली. मी त्याच्यावर ओरडलो तेव्हा तो बिचारा खरंच गोंधळला. "सर, मेड का फोन था," म्हणाला. "मॅडम का होता तो मैं खुद दौड़ के प्लँट में आता."

हॉस्पिटलात काय झालं ते मला अक्कांनी सांगितलं, आणि थोडं तिथल्या एका मल्याळी नर्सने, हळू आवाजात, इकडे तिकडे बघत. अॅडमिट करताना खिडकीपाशी विचारलं, आई कुठे, वडील कुठे, तुम्ही कोण. अक्कांनी झेरॉक्स दिली. ती वाचल्यावर त्यांच्याशी कुणी बोललं नाही. त्या त्यांच्या मोडक्या हिंदीत सांगत होत्या, "लिटा के दवा मत दो. पतला मत दो. बिठाव. गले पे हाथ रखो." वॉर्डात फक्त आईला परवानगी होती. अक्कांना काचेच्या दाराबाहेर काढलं. तिथून त्यांना आतलं दिसत होतं. मनूला सपाट झोपवलं होतं. कुणीतरी तापाचं पातळ औषध सिरिंजमध्ये भरत होतं. अक्कांनी काचेवर दोन्ही हातांनी मारलं. तेव्हा सिक्युरिटीवाला आला आणि त्यांना लिफ्टने खाली नेऊन सोडलं.

मी संध्याकाळी साडेसातला पोचलो. मनू आयसीयूत होती, तोंडात नळी. अक्का खालच्या मजल्यावर बाकावर ताठ बसलेल्या. मला पाहून उठल्या आणि म्हणाल्या, "साहेब, मी चार्ज घेऊन उभी हुते. घ्यायलाच कोण आलं न्हाई."

त्या माझ्याबरोबर वर आल्या. डॉक्टर तरुण होता, थकलेला. म्हणाला, मुलीला गिळता येत नाही ही हिस्टरी आम्हाला कुणी दिली नाही. अक्का माझ्या मागून म्हणाल्या, "मैंने बोला. दस बार बोला." डॉक्टरने त्यांच्याकडे न बघता मला विचारलं, "शी इज युअर मेड?"

एक शब्द बोलायचा होता. नाही. नाही, ही प्रशिक्षित बाई आहे, हिने माझी मुलगी वाढवली, हिला माझ्यापेक्षा जास्त कळतं, हिला विचारा. पण मला त्या क्षणी काय आठवलं असेल? व्हिसा. मेडच्या व्हिसावरची बाई, आणि मूल तिच्या खोलीत वेगळं राहतं, आई पुण्याला, बाप रुवैसला. हे बाहेर आलं तर चौकशी होईल, माझ्यावर येईल, नोकरीवर येईल. मुलगी नळीवर होती आणि मी स्वतःचा व्हिसा वाचवत होतो.

"येस," मी म्हणालो. "अवर मेड."

अक्कांना हिंदी मोडकी यायची, इंग्लिश येत नव्हतं. पण तो शब्द त्यांना यायचा. त्या मागे सरकल्या आणि भिंतीशी उभ्या राहिल्या, मोलकरीण उभी राहते तशा.

मनू तिसऱ्या दिवशी दुपारी गेली. अकरा वर्षांची होती. नलिनी पोचली तेव्हा मनू थंड झाली होती. तक्रार करा, असं त्या मल्याळी नर्सनेच मला जिन्यात सुचवलं. मी इन्शाल्ला म्हणालो, जो तिथे नाही म्हणण्याचा सभ्य प्रकार आहे. तक्रार केली असती तर पहिला प्रश्न मलाच आला असता.

काम संपलं म्हणजे मेडचा व्हिसा रद्द. गरज सरो, वैद्य मरो, ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आलो होतो; ती पाळायला मला अर्ज भरावा लागला. जाण्याच्या आदल्या दिवशी अक्का वर आल्या. कधी नव्हे ते खुर्चीत बसल्या. "साहेब, मला अनुभवाचा दाखला पायजे. मिरजेत दवाखान्यात लागंन म्हंते परत. नुसतं बसून खाणं जमायचं न्हाई."

हे मात्र मी तत्परतेने केलं. तासाभरात टाइप करून, सही करून आणलं. अमुक ते अमुक काळात आमच्याकडे काम केलं, प्रामाणिक, कष्टाळू, वर्तणूक चांगली. पासपोर्टशी जुळायला हवं म्हणून पदाच्या जागी तोच शब्द घातला.

अक्कांनी कागद डोळ्यांजवळ धरला, ओळींवरून बोट फिरवलं आणि एका जागी थांबल्या. "हे वाचता येतंय मला," म्हणाल्या. "हितल्या इतक्या वर्षांत एवढं एकच इंग्लिश शिकले बगा."

मी म्हणालो, "कागद जुळावे लागतात, अक्का."

"मग दुसरं लिहा. पदाचं नाव ऱ्हाऊ दे. काम काय केलं ते लिहा. कसं भरवलं, कसं बसवलं, किती वर्सं छाती साफ ठेवली ते लिहा. आणि पोर कशानं गेली ती एक ओळ घाला."

"ते कशाला? तुमच्याच अंगाशी येईल."

"चार्ज देताना सगळं सांगावं लागतंय साहेब. बरं झालं तेबी आणि वंगाळ झालं तेबी. अर्धा चार्ज दिला की पुढचं पोर मरतंय. मी दुसऱ्या पोरापाशी जाणार हाय. मला लिहून न्यायचंय."

नलिनी आतून ऐकत होती. बाहेर येऊन मला म्हणाली, "लिही." मी म्हणालो, सकाळी बघू. सकाळी विमान होतं. सकाळी घाई होती.

एअरपोर्टवर मला वाटलं, बाई शेवटी काहीतरी बोलतील. बोलल्या. पिशवी खांद्यावर घेतली आणि माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, "बाई रात्री दोनला उठून बसती. पहाटंपर्यंत झोपत न्हाई. कालपास्नं पोटात नुसता चहा गेलाय. झोपेच्या गोळ्या तिच्या हातात देऊ नका, तुमी मोजून द्या. घाई करू नका. चार्ज घ्या साहेब." मी मान हलवली. त्या थांबून राहिल्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं की तोंडाने म्हणावं लागतं. "घेतला," मी म्हणालो. मग त्या गेल्या.

घरी आलो तर नलिनी खालच्या, अक्कांच्या रिकाम्या खोलीत बसली होती. मनूची खुर्ची खिडकीशीच होती. तिच्या बैठकीवर माझा दाखला, घडी न घालता, सरळ ठेवलेला. अक्कांनी तो नेला नव्हता.

नलिनीचा चार्ज मी निभावला. आयुष्यात घाई न करता केलेलं तेवढंच एक काम. अक्कांना मात्र मी कधी पत्र लिहिलं नाही. त्या मिरजेला गेल्या, पण दवाखान्याने वय झालं म्हणून आणि मधल्या वर्षांचा दाखला नाही म्हणून घेतलं नाही, असं त्यांच्या मुलीने परवा फोनवर सांगितलं. शेवटची वर्षं त्या मुलीच्या दारात बसून गल्लीतल्या एका तशाच पोराला भरवायच्या. पगार मागायच्या का, असं मी विचारलं. मुलगी म्हणाली, "मागायची की. ते देत न्हवते, पर ती रोज मागायची." फोन अक्का गेल्याचं सांगायलाच होता.

तेव्हा हे सगळं वरातीमागून घोडं आहे, मला ठाऊक आहे. ज्यांना दाखवायचं होतं त्या आता नाहीत, आणि ज्यांनी वाचायला हवं होतं ते काचेच्या दारापलीकडे होते. तरीही दुसरा दाखला लिहायचा राहिला होता तो लिहितो. श्रीमती इंदूअक्का ह्यांनी आमची मुलगी मनू हिला आठ वर्षं सांभाळलं, त्यातली सात दिवसरात्र, आपल्या घरी. तिला ओठाला चमचा दोनदा टेकवून, गळ्यावर हात ठेवून, एका वाटीला पाऊण तास देऊन भरवलं. तिचे सहा आवाज त्या ओळखत. त्यांच्या हाताखाली तिला एकदाही न्यूमोनिया झाला नाही. मनू गेली ती आडवं झोपवून पातळ औषध पाजल्यामुळे. तसं करू नका, असं अक्का दहा वेळा सांगत होत्या, आणि त्यांचं कुणी ऐकलं नाही, कारण त्या कोण आहेत हे मी कागदावर खोटं लिहून दिलं होतं.